एकदाच सांगू द्या

आजकाल कोणत्याही बऱ्यापैकी कचेरीत, बँकेत किंवा महाविद्यालयात गेले की जिन्याजवळच्या भिंतीवर एक फलक दिसतो. लैंगिक छळ हा गुन्हा आहे, असे त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेले असते. खाली समितीच्या सदस्यांची नावे असतात. त्यांतल्या एकदोघांची बदली होऊन वर्ष उलटलेले असते. फलक लागला म्हणजे कायदा पाळला गेला आणि कायदा पाळला गेला म्हणजे माणसे सुरक्षित झाली, अशी आपली सोयीची समजूत आहे.

मोठ्या शहरांतील कंपन्या आता याच्या पुढे गेल्या आहेत. तेथे 'ट्रॉमा-इन्फॉर्म्ड' सल्लागार बोलावले जातात. आघात सोसलेल्या माणसाची जाण ठेवून कामाची जागा कशी चालवावी, हे सांगणारे हे लोक. शब्द परका आहे आणि तो बोलणारे पुष्कळदा त्याहून परके वाटतात, म्हणून आपल्याकडे त्याची थट्टा होते. मला मात्र वाटते की या अवघड शब्दामागे एक अगदी साधी मागणी आहे. ज्या माणसाला कामाच्या ठिकाणी इजा झाली, त्याला ती गोष्ट एकदाच सांगावी लागेल अशी व्यवस्था करा. दारोदार, टेबलाटेबलावर, पुन्हा पुन्हा सांगावयास लावू नका. या लेखात मला एवढेच म्हणावयाचे आहे. ते किती कठीण आहे आणि तरीही ते का केले पाहिजे, हे पाहू.

प्रथम 'आघात' म्हणजे काय ते पाहू. मनावर झालेल्या तीव्र आघाताचे परिणाम प्रसंग संपल्यानंतरही टिकून राहतात, हे युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या बाबतीत फार पूर्वी लक्षात आले होते. १९८० साली अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत सूचीत या अवस्थेला स्वतंत्र स्थान मिळाले. पुढे २००१ मध्ये मॅक्सीन हॅरिस आणि रॉजर फॅलो यांनी एक वेगळाच मुद्दा मांडला. रोग्यावर उपचार करणे ही एक गोष्ट झाली. पण दवाखाना, कचेरी, आश्रयगृह ही स्थळेच अशी चालवली पाहिजेत की आधी दुखावलेला माणूस तेथे पुन्हा दुखावला जाऊ नये. २०१४ साली अमेरिकेच्या मानसिक आरोग्यविषयक सरकारी संस्थेने याच विचाराची चार सूत्रे सांगितली: आघात किती सर्वत्र आहे हे उमगणे, त्याच्या खुणा ओळखणे, त्यानुसार आपले वागणे व नियम बदलणे आणि पुन्हा आघात होऊ न देणे. यांतले चौथे सूत्र मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. पहिली जखम एखाद्या दुष्ट माणसाने केलेली असते. दुसरी जखम मात्र बहुधा सज्जन माणसे करतात, आणि तीही नियमाला धरून.

हे कसे घडते याचा एक अनुभव सांगतो. प्राध्यापकी पत्करण्यापूर्वी मी दोन वर्षे दुसऱ्या एका गावी एका कचेरीत नोकरी केली. आमच्या विभागात एक नवी टंकलेखिका होती. एका वरिष्ठाच्या वागण्याबद्दल तिने तक्रार केली. आधी तिने ते शेजारच्या टेबलावरच्या बाईंना सांगितले. त्यांनी हेडक्लार्कांकडे नेले. हेडक्लार्क म्हणाले, पहिल्यापासून सांगा. मग शाखाप्रमुखांनी बोलावले. तेही म्हणाले, पहिल्यापासून सांगा. नंतर मुख्य कचेरीतून एक अधिकारी आले, त्यानंतर समिती बसली, आणि समितीनंतर खात्याची चौकशी व्हावयाची होती. दर वेळी खोली निराळी, माणसे निराळी, प्रश्न तेच. दार अर्धे उघडे, शिपाई चहा घेऊन आत-बाहेर. तिसऱ्या खेपेला तिचे सांगणे आखूड झाले. पाचव्या खेपेला ती फक्त 'आधी लिहून दिले आहे' एवढेच म्हणाली. पुढे तिने राजीनामा दिला. फाईलवर शेरा पडला की तक्रारदारास अधिक काही सांगावयाचे नसल्याने प्रकरण निकाली काढण्यात येत आहे. त्या पाच जणांपैकी एकानेही तिच्याशी उद्धटपणा केला नव्हता. प्रत्येकाने आपले काम केले होते. यातच या प्रश्नाची खरी मेख आहे.

आपल्या देशातल्या कायद्याचा जन्मही अशाच एका दीर्घ सांगण्यातून झाला. राजस्थानातील भटेरी गावच्या भंवरीदेवी या सरकारी महिला विकास कार्यक्रमात 'साथिन' म्हणून काम करीत होत्या. बालविवाह थांबविण्याचा प्रयत्न हा त्यांच्या कामाचाच भाग होता. त्याचा सूड म्हणून सप्टेंबर १९९२ मध्ये त्यांच्यावर सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर त्यांना पोलिसांपुढे, मग बस्सीच्या आरोग्य केंद्रात, मग जयपूरला, मग मॅजिस्ट्रेटपुढे असे फिरावे लागले, आणि वैद्यकीय तपासणी होईपर्यंत दोन दिवस उलटून गेले. १९९५ साली कनिष्ठ न्यायालयाने आरोपींना अत्याचाराच्या आरोपातून मुक्त केले. काम करताना स्त्रीवर ओढवलेल्या प्रसंगाची जबाबदारी काम देणाऱ्यावर असते की नाही, हा प्रश्न मग महिला संघटनांनी सर्वोच्च न्यायालयापुढे नेला. १३ ऑगस्ट १९९७ चा 'विशाखा' निकाल त्यातून आला आणि सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये, संसदेने कायदा केला. दहा किंवा अधिक माणसे काम करीत असतील तेथे अंतर्गत समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ पदावरील स्त्री हवी, निम्म्याहून कमी स्त्रिया असू नयेत, एक सदस्य बाहेरचा हवा, चौकशी ९० दिवसांत संपावी, हे सारे त्यात आहे.

या दोन टप्प्यांच्या मध्ये एक गोष्ट घडली, ती आपण फारशी लक्षात ठेवत नाही. पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी विशाखा निकालाची अंमलबजावणी होत नसल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयाकडे केली होती. त्या प्रकरणात २००४ साली न्यायालयाने स्पष्ट केले की तक्रार समितीचा अहवाल हाच शिस्तभंगाच्या कारवाईसाठी चौकशी अहवाल मानला जाईल. वरवर पाहता ही एक कारकुनी दुरुस्ती आहे. पण तिचा अर्थ असा की समितीपुढे सगळे सांगून झाल्यावर त्या स्त्रीला खातेनिहाय चौकशीत तेच पुन्हा सांगण्याची गरज राहिली नाही. 'आघाताची जाण' हा शब्द त्या आदेशात शोधूनही सापडणार नाही; परंतु त्यातले तत्त्व मात्र नेमके तेच आहे.

कोणी विचारील, पुन्हा सांगितल्याने असे काय बिघडते? खरे असेल तर दहा वेळा सारखेच सांगता येईल! हा युक्तिवाद वकिली आहे, मानवी नाही. भीतीच्या क्षणी मन घटनेची नोंद रोजकीर्दीसारखी तारीखवार करीत नाही. एखादा वास, एखादे वाक्य, भिंतीवरचे कॅलेंडर लख्ख आठवते. परंतु आधी काय झाले आणि नंतर काय, किती वाजले होते, हे निसटते. शिवाय प्रत्येक नव्या प्रश्नकर्त्याचा प्रश्न थोडा वेगळा असतो, म्हणून उत्तरही थोडे वेगळे येते. मग या पाच जबान्या शेजारी ठेवून विसंगती शोधावयाच्या आणि माणूस खोटे बोलतो असे ठरवावयाचे! विसंगती म्हणजे खरेपणाचा पुरावा नव्हे, हे मीही मान्य करतो. पण ती खोटेपणाचा पुरावाही नव्हे. पाच जबान्या घेऊन आपण सत्याच्या जवळ जात नाही, उलट स्वतःच त्यात गाळ मिसळतो.

तसेच प्रतिकाराचे. 'तू ओरडली का नाहीस?' हा आपल्याकडचा आवडता प्रश्न. संकटात काही माणसे लढतात, काही पळतात आणि काही जागच्या जागी थिजतात. शरीराचे थिजणे ही संमती नव्हे. महाराष्ट्रातील 'मथुरा' प्रकरणात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत यावर भर देऊन पोलिसांना निर्दोष ठरविले. तेव्हा उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ साली कायदा बदलला. हे पत्र लिहिणारे मंत्री नव्हते की सेनानी नव्हते. ते आपल्यासारखेच वर्गावर शिकवणारे लोक होते, हे प्राध्यापक बंधुभगिनींनी ध्यानात घ्यावे म्हणून मुद्दाम लिहितो.

आता दुसरी बाजू. तक्रार करणाऱ्याला इतके जपावयाचे तर ज्याच्यावर आरोप आहे त्याचे काय? त्याला बाजू मांडू द्यावयाची नाही काय? हा आक्षेप योग्य आहे, त्याला बगल देता कामा नये. परंतु जपणे म्हणजे पक्षपात नव्हे. १९७३ साली रांचीच्या एका वैद्यकीय महाविद्यालयाचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. मुलींच्या वसतिगृहात रात्री शिरून असभ्य वर्तन केल्याचा काही विद्यार्थ्यांवर आरोप होता. चौकशी समितीने मुलींच्या जबान्या त्या विद्यार्थ्यांच्या गैरहजेरीत घेतल्या. मात्र आरोप काय आहेत हे त्या विद्यार्थ्यांना सांगून त्यांचे म्हणणेही घेतले. न्यायालयाने ही पद्धत योग्य ठरविली. म्हणजे समोरासमोर उभे न करताही न्याय करता येतो, हे पन्नास वर्षांपूर्वीच मान्य झाले आहे.

याच्या उलट उदाहरण शेजारच्या गोव्याचे. गोवा विद्यापीठातील २००९ सालच्या काही तक्रारींचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये दिला. समितीने शेवटच्या टप्प्यात फार घाई केली, आरोप असलेल्या प्राध्यापकाला बाजू मांडण्याची पुरेशी संधी दिली नाही, म्हणून प्रकरण पुन्हा समितीकडे पाठविण्यात आले. आरोप खरे की खोटे हा येथे माझा विषय नाही. पण ज्यांनी २००९ मध्ये तक्रार केली त्यांच्यावर चौदा वर्षांनंतर पुन्हा तोच विषय उघडण्याची पाळी यावी, यात कोणाचे भले झाले? दोन्ही पक्षांना नीट ऐकून घेणारी, प्रत्येक पाऊल लिहून ठेवणारी चौकशीच 'एकदाच सांगू द्या' हे वचन पाळू शकते. घाईने केलेली चौकशी हीही शेवटी दुसरी जखमच ठरते.

मग या सगळ्यात बाहेरून येणाऱ्या सल्लागाराने काय करावे? आज बहुतेक ठिकाणी तो येतो, सभागृहात दोन तास बोलतो, पडद्यावर चित्रे दाखवितो, चहा-बिस्किटे होतात, प्रमाणपत्रे वाटली जातात आणि दुसऱ्या दिवशी सर्व पूर्ववत. अशा व्याख्यानाला माझा विरोध नाही, पण त्याला सल्ला म्हणणे कठीण आहे. आमच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीत भट्टीची तपासणी करावयास आलेला इंजिनीअर भट्टीवर भाषण देत नाही. तो भट्टीजवळ जातो. सल्लागारानेही आधी इमारत फिरून पाहावी. जिना कोठे अंधारा आहे, रात्रपाळीच्या बायका कपडे कोठे बदलतात, समितीची खोली साहेबांच्या केबिनला लागून तर नाही ना, हे पाहावे.

ही बारीकसारीक बाब नव्हे. उत्तर कन्नड जिल्ह्यातील हळदीपूरची अरुणा शानबाग मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी काम संपवून तळघरात कपडे बदलत असताना एका सफाई कामगाराने तिच्यावर हल्ला केला. त्यानंतर ती कधीच पूर्ण शुद्धीवर आली नाही. तिच्यावर लैंगिक अत्याचार झाल्याची बाब खटल्यात आलीच नाही. आरोपीला शिक्षा झाली ती प्राणघातक हल्ला आणि चोरी यांसाठी. त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या तिची शुश्रूषा केली. १८ मे २०१५ रोजी ती गेली. त्या बेचाळीस वर्षांच्या सेवेपुढे हात जोडावेत. पण कपडे बदलण्यासाठी एक सुरक्षित खोली असती तर, हा प्रश्न त्या सेवेने पुसला जात नाही. आणि ९ ऑगस्ट २०२४ रोजी कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रीच्या कामात थोडा विसावा घेण्यासाठी सेमिनार हॉलमध्ये गेलेली तरुण डॉक्टर तेथेच मृतावस्थेत सापडली. मधल्या एकावन्न वर्षांत फलक पुष्कळ लागले. खोली मात्र झाली नाही.

इमारतीनंतर भाषा. आपल्या भागात हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. वडगाव-शहापूरच्या यंत्रमागावर काम करणारी बाई घरी मराठी बोलते, मालकाशी कन्नड बोलते आणि कागद इंग्रजीत येतो. एखादीचे उलट असते. दुःख माणूस आपल्याच भाषेत सांगतो. त्याचे दुसऱ्याने तिसऱ्या भाषेत केलेले टिपण म्हणजे आणखी एकदा सांगणेच, फक्त ते दुसऱ्याच्या तोंडून. ज्या स्त्रीला लिहून देता येत नाही तिला समितीने लिहिण्यास मदत करावी, असे कायदाच सांगतो. मी म्हणेन, ती मदत तिच्या भाषेत व्हावी, लिहिलेले तिला वाचून दाखवावे, आणि तिने 'होय, हेच' म्हटल्यावरच खाली सही घ्यावी. या अंकात मराठी आणि कन्नड विभाग शेजारी शेजारी बांधले जातात. समितीच्या टेबलावर त्या दोन भाषा शेजारी बसू शकणार नाहीत काय? दुसरे असे की पुष्कळ मागांवर दहापेक्षा कमी माणसे असतात. तेथे अंतर्गत समिती नसते. तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करावयाची असते. हे किती जणींना ठाऊक आहे?

तिसरी गोष्ट, आधी सांगणे. तक्रार दिल्यावर पुढे काय होणार हे तक्रारदाराला त्याच दिवशी सांगावे. सात कामकाजाच्या दिवसांत प्रत दुसऱ्या पक्षाला जाईल, त्याला उत्तरासाठी कामकाजाचे दहा दिवस मिळतील, चौकशी चालू असता तुम्हांला बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते, तुमचे नाव उघड करणे हा नियमभंग आहे, आणि आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तुम्ही खोटे ठरत नाही. आघाताने माणसाच्या हातून ताबा सुटलेला असतो. पुढे काय होणार हे कळले की तो थोडा परत येतो. यासाठी पैसा लागत नाही, एक छापील कागद पुरतो.

असे लिहिले की ज्येष्ठ मंडळी हसतात. आमच्या वेळी आम्ही किती सोसले, आताची पिढी नाजूक झाली आहे, असे म्हणतात. सोसणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. परंतु ज्यांनी सोसले आणि जे टिकले तेच आज आपल्याला हे सांगावयास समोर आहेत. जे टिकले नाहीत, ज्यांनी राजीनामा दिला, शिक्षण सोडले, त्यांचे म्हणणे ऐकण्याची सोय आपल्याकडे नाही. सोसण्याचा हिशेब मांडताना उरलेल्यांचीच बेरीज करून चालणार नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आणखी एकदोन वर्षांत तुमच्यापैकी कोणी बँकेत असेल, कोणी पुण्या-बंगळुरूच्या कंपनीत, कोणी शाळेत. तेथे तुम्ही बहुधा प्रथम साहेब नसाल, सल्लागारही नसाल. तुम्ही शेजारच्या टेबलावरचे असाल, आणि पुष्कळदा पहिले सांगणे तेथेच होते. तेव्हा 'पहिल्यापासून सांग' असे म्हणू नका. 'तू सुरक्षित आहेस ना? तुला काय हवे आहे?' एवढे विचारा, समिती कोठे आहे ते दाखवा आणि हवे तर दारापर्यंत सोबत जा. बाकीचे ऐकणे ज्यांचे काम आहे त्यांच्याकडे राहू द्या.

आणि तोवर थांबण्याचीही गरज नाही. महाविद्यालय हेही कामाचे ठिकाण आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्यांचा संबंध असलेल्या प्रकरणात समितीवर तीन निवडून आलेले विद्यार्थी असावे लागतात. आपल्या समितीवर ते कोण आहेत? फलकावरची नावे चालू वर्षाची आहेत काय? समिती ज्या खोलीत बसते तिचे दार लागते काय? तेथे मराठी लिहिणारे एक आणि कन्नड लिहिणारे एक माणूस आहे काय? हे चार प्रश्न प्राचार्यांना लेखी विचारण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. हा अंक हाती पडेल त्या आठवड्यातच ते विचारले जावेत, अशी माझी सूचना आहे.